साडेआठला सगळे घरी

मराठी मालिकांमधल्या माणसांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या बंगल्यांचा नव्हे. बंगला पुसायचा कोणी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आधी येतो. झोपेतही न चुरगळणाऱ्या त्यांच्या साड्यांचाही नव्हे. हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी, की संध्याकाळी साडेआठ वाजता ती सगळी माणसं घरी असतात. आजी सोफ्यावर, सासू देवघरापाशी, नणंद जिन्यात, आणि वकील मुलगा कोर्टातून येऊन, कपडे बदलून हॉलमध्ये उभा. कोणी ठाण्याला अडकलेलं नसतं. 'दिव्याला गाडी थांबवून ठेवलीय, तुम्ही जेवून घ्या' असा कोणाचा फोन येत नाही.

सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. पण जिने ते रोज दोनदा कापलंय, त्यातलं निम्मं उभ्याने, तिला विचारावं साडेआठ म्हणजे काय ते. नोकरीच्या काळात माझे साडेआठ कळव्याच्या पुढे आणि मुंब्र्याच्या अलीकडे कुठेतरी वाजायचे. घरी पोचून कुकर लावेपर्यंत त्या दिवसाची कटकारस्थानं आटोपलेली असत आणि टीव्हीवर कोणीतरी उद्याचं हवामान सांगत असे.

त्यामुळे एका पिढीच्या मालिका मी पाहिल्या नाहीत, ऐकल्या. 'आभाळमाया' १९९९ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा तिचा भाग झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी लेडीज डब्यात त्याचं पुनःप्रसारण होई. सांगणारी मैत्रीण गवार मोडता मोडता सांगायची. सुकन्या कुलकर्णींनी साकारलेली सुधा जोशी पडद्यावर कशी बोलते ते मला माहीत नव्हतं. पण आमच्या डब्यातली सुधा जोशी भलतीच बाणेदार होती. ती नवऱ्याला सुनवायची ती वाक्यं लेखकाची किती आणि आमच्या मैत्रिणीच्या मनातली किती, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. कुर्ल्याला गर्दी आत घुसली की सुधाचं वाक्य अर्धवट राहायचं, ते दादरला पुरं व्हायचं. पुढे कधीतरी मी एक जुना भाग पाहिला आणि जरा नाराजच झाले. मूळ सुधा बरीच मवाळ निघाली.

आता निवृत्त झाल्यावर मी हक्काने साडेआठला सोफ्यावर असते आणि 'ठरलं तर मग' लावते. ५ डिसेंबर २०२२ पासून ही मालिका स्टार प्रवाहवर आहे, आणि तिचा मामला थोडक्यात असा. सायली अनाथाश्रमात वाढलेली. तिला वाढवणारे मधुभाऊ खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात. त्यांना सोडवण्यासाठी ती अर्जुन सुभेदार या वकिलाशी करार करून लग्न करते. ज्या तन्वीशी त्याचं लग्न घरच्यांनी मनात धरलेलं असतं, ती खरी तन्वी म्हणजे सायलीच. पण तन्वी म्हणून मिरवते ती प्रिया. हे मला ठाऊक, माझ्या नवऱ्याला ठाऊक, खालच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक. मालिका सुरू होऊन वर्षं उलटली तरी ठाऊक नव्हतं ते फक्त सायलीच्या जन्मदात्यांना. त्यात वडील, किल्लेदार, नामांकित वकील.

माझा नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला. शंभरातला एक नग मापाबाहेर निघाला तरी अख्खी खेप बाजूला काढणाऱ्यांतला. त्याला ही ढिलाई सहन होत नाही.

"अगं, जन्मखूण बघा म्हणावं. रक्त तपासा. आधार कार्ड मागा!"

"अहो, तसं केलं तर उद्या काय दाखवतील?"

"तो त्यांचा प्रश्न. तपासणी म्हणजे तपासणी."

एवढं बोलून तो आपण मालिका बघत नसल्याचं सांगतो आणि पेपर वर धरतो. पेपर सकाळचाच असतो.

मधुभाऊंच्या खटल्यात मात्र तो पुरता अडकला होता. उल्हासनगर कोर्टात आमच्या सोसायटीचं एक जुनं प्रकरण पडून असल्याने तारखांचा त्याला दांडगा अनुभव. अर्जुन पुरावा घेऊन धावत कोर्टात शिरला आणि न्यायाधीशांनी त्याला तिथल्या तिथे बोलू दिलं, की याच्या कपाळाला आठी. २०२५ साली निकाल लागला, मधुभाऊ निर्दोष सुटले, तेव्हा मी डोळे पुसत होते आणि हा बोटांवर वर्षं मोजत होता. "खटला अडीच वर्षांच्या आसपास निकाली! आपल्याकडे एवढ्यात नोटीस पोचत नाही," तो म्हणाला. मालिका संथ चालतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दिवाणी दावा लावून पाहावा.

या मालिकेत मला सगळ्यात चकित करते ती तिच्यातली दारं. बंगल्याला इतकी दारं, आणि प्रत्येक दारामागे कोणी ना कोणी कान देऊन उभं. प्रिया तर पुढे सुभेदारांची धाकटी सून होऊन घरातच आली, तेव्हापासून तिला दारांची कमतरता राहिली नाही. तरी मजा अशी, की एवढं ऐकूनही कोणाला काही कळत नाही. जे ऐकायला हवं ते वाक्य सुरू होतं आणि नेमका हातातला पेला पडतो. आमच्या बिल्डिंगमध्ये उलट. इथे दाराआड उभं राहायची गरजच नाही. भिंती अशा आहेत की शेजारी जावयाला सुट्टी मिळाली नाही हे आम्हाला आमच्या पलंगावर पडल्या पडल्या कळतं. कोणी काही लपवत नाही, कारण लपवायला जागा नाही. लपवाछपवीला किमान चार बेडरूम लागतात, हे मला मालिकांनी शिकवलं.

माझी ताई उल्हासनगरला चार नंबरला राहते. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या माणसांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत ठेवलं आणि १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. कॅम्प गेला, पण कॅम्पांचे आकडे राहिले. ताईच्या शेजारी एक सिंधी भाभी आहेत. ताईच्या घरी 'आई कुठे काय करते', भाभींच्या घरी 'अनुपमा'. दोन्ही कथा मूळच्या एकाच बंगाली 'श्रीमोयी'च्या लेकी. मराठी बहीण २३ डिसेंबर २०१९ ला जन्मली, हिंदी १३ जुलै २०२० ला. या सात महिन्यांच्या थोरलेपणाने माझ्या ताईला आयुष्यात पहिल्यांदा भविष्य दिसू लागलं.

भाभींना अजून अनुपमाच्या नवऱ्याचं ऑफिसातलं प्रकरण पुरतं उमगलं नव्हतं, तेव्हा ताई इकडे अरुंधतीच्या नवऱ्याला, अनिरुद्धला, आणि त्याच्या संजनाला दोन शिव्या घालून मोकळी झालेली. दुपारी कॉमन पॅसेजमध्ये दरबार भरायचा. भाभी विचारायच्या, "बता ना दीदी, उसको पता चलेगा क्या?" ताई हाताची घडी घालून म्हणायची, "चलेगा. लेकिन गलत टाईम पे चलेगा." आणि खरोखर तसंच व्हायचं. भाभींची ताईवर इतकी श्रद्धा बसली की मुलाच्या दुकानाचा मुहूर्तही त्यांनी तिला विचारून घेतला.

पण नियतीचं आणि टीआरपीचं काही सांगता येत नाही. हिंदी धाकटी भराभर चालली आणि थोरलीला मागे टाकून गेली. अनुपमाचं दुसरं लग्न २०२२ सालीच उरकलं. आमच्या अरुंधतीच्या डोक्यावर अक्षता पडायला २०२३ उजाडलं. आता हाताची घडी भाभींच्या हातात. ताई काळजीने विचारी, "आशुतोष चांगला आहे ना हो शेवटपर्यंत?" भाभी हसून म्हणत, "मेरा वाला तो अच्छा है. तेरा वाला तू जान." पुढे दोन्हीकडच्या कथा इतक्या लांब वळल्या की कोणीच कोणाचं भविष्य सांगू शकेना. ३० नोव्हेंबर २०२४ ला 'आई कुठे काय करते' संपली, त्या रात्री भाभी वाटीभर सिंधी कढी घेऊन ताईकडे आल्या. घरातलं माणूस परगावी गेल्यावर शेजारी जेवण पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. अरुंधतीने पाच वर्षांत त्या पॅसेजमध्ये जेवढं बोलणं घडवून आणलं, तेवढं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जन्मात जमलेलं नाही.

माझ्या वाट्यालाही अशी एक भविष्यवेत्ती आहे. आमच्या अंबरनाथला कारखान्यांमुळे सगळ्या भारतातली माणसं आली आणि राहिली. खालच्या मजल्यावर एक तमिळ मामी आहेत. 'ठरलं तर मग' ज्या 'रोजा'वरून घेतली, ती त्यांनी २०१८ ते २०२२ सन टीव्हीवर साग्रसंगीत पाहिली. म्हणजे सायलीचं काय होणार, हे मामींना मी सायलीचं नाव ऐकण्याआधीपासून माहीत. मी जिन्यात गाठून विचारते. मामी शांतपणे कढीपत्ता खुडतात आणि म्हणतात, "सांगितलं तर तू बघणार नाही. तू बघितलं नाही तर मी कोणाशी बोलणार?" या उत्तरापुढे मी निरुत्तर होते. वाहिन्यांच्या एकाही जाहिरातीला मालिका बघण्याचं इतकं सरळ कारण सांगता आलेलं नाही.

खोट्या तन्वीबद्दलचं शेवटचं मत मात्र उल्हासनगरच्या भाभींचं. ताईकडे गेले असताना प्रियाचा नाटकी हुंदका ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "ये तन्वी तो मेड इन यूएसए है." यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद त्या गावाबाहेरच्यांनी केला तर चिमटा वाटतो, भाभींच्या तोंडून आला की बिरुद वाटतं. वर त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने जोडलं, की आमच्या दुकानात असा नग आला असता तर शिलाई बघूनच ओळखला असता.

आणि उल्हासनगरच्या बाजाराला मालिका कळतात त्या आपल्याला कळतात त्याहून लवकर. नायिकेने नव्या तऱ्हेचं ब्लाउज घातलं की गजानन मार्केटमध्ये ते लटकायला फार दिवस लागत नाहीत. 'होणार सून मी ह्या घरची' जोरात होती तेव्हा नायिका जान्हवीचं ते लांबलचक मंगळसूत्र जिच्या गळ्यात नाही अशी बाई लेडीज डब्यात शोधावी लागे. मीही घेतलं होतं. पण अंबरनाथ लोकलला पदराबाहेर लोंबणारी कुठलीच वस्तू सुखरूप राहत नाही. जान्हवी ते घालून हिंडू शकली, कारण तिला चढता-उतरताना कोणी ढकलत नव्हतं.

त्याच जान्हवीचं बाळंतपण मराठी माणूस विसरणार नाही. मालिकेत ती गरोदर राहिली आणि राहिलीच. महिने उलटले, सण येऊन गेले, आमच्या ओळखीतल्या दोघी-तिघींची बारशी झाली, तरी जान्हवीचं पाऊल जडच. लोकांनी विनोद केले, व्यंगचित्रं काढली. मला त्या वेळी तिची कीवच यायची. आता वाटतं, त्यात तिचा तरी काय दोष? मालिकेचं घड्याळच निराळं. तिथे एका रात्रीचं सत्यनारायणाचं जेवण आठवडाभर वाढतात, आणि मग सोमवारी अचानक 'सात वर्षांनंतर' अशी पाटी येते आणि पाळण्यातलं मूल शाळेच्या दारात उभं. सात वर्षं एका जाहिरातीत जातात आणि एक कटाक्ष अख्खा मंगळवार खातो.

पण ज्या गावात शिवमंदिर आहे त्या गावच्या बाईने संथपणाबद्दल तक्रार करू नये. आमचं मंदिर शिलाहार राजा छित्तराजाने सुरू केलं आणि मुम्मुणीच्या कारकिर्दीत १०६० मध्ये पुरं झालं, असं मानतात. मधल्या काळात राजा बदलला, कारागिरांचे हात बदलले असतील. शिल्पं मात्र एकमेकींना सोडून नाहीत. लेखक-दिग्दर्शक बदलले तरी मालिका चालू ठेवायची परंपरा आमच्या गावाला नवीन नाही. फरक एवढाच, की शिलाहारांनी दर गुरुवारी टीआरपी पाहून खांब हलवले नाहीत.

तो कटाक्षांचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. मालिकेत कोणी दार उघडून आत आलं, की कॅमेरा त्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो. मग घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेकदा. पुन्हा आलेल्या माणसावर. माझा नवरा घड्याळ लावून सांगतो, "यात दीड मिनिट गेलं." गेलं खरं. पण आपण घरात शिरल्यावर घरातल्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून आपल्याकडे वळून पाहावं, हे सुख कोणाच्या वाट्याला आलंय? आमच्याकडे कोण आलं ते चपला काढण्याच्या आवाजावरून कळतं. मान वर न करता 'हात धू, पान वाढते' म्हणायचं, येणाऱ्यानेही मान वर न करता हात धुवायचे. मी कामावरून घरी येत असे तेव्हा माझ्याकडे कोणी तीनदा पाहिलं असतं, पार्श्वसंगीतासकट, तर मी उरलेली नोकरी हसत केली असती.

१६ ऑगस्ट २०२५ ला 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी गेल्या. म्हणजे ती भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री ज्योती चांदेकर पुण्यात गेल्या. बातमी मोबाइलवर आली तेव्हा आमच्याकडे कोणी काही बोललं नाही. त्यांनी रंगभूमीवर, सिनेमात कितीतरी मोठं काम केलेलं. पण मला त्यांचा सोफ्यावर बसलेला रुबाबच आठवत राहिला. घरातल्या सगळ्यांवर डाफरणारी आणि सगळ्यांना धरून ठेवणारी म्हातारी. नवऱ्याने त्या दिवशी पेपर खाली ठेवला आणि उघडपणे टीव्हीकडे पाहिलं. नंतर रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी होऊन आल्या. माझ्या वन्संनी पहिल्या दिवशी फोन करून सांगितलं, "मी काही या आजीला आजी म्हणणार नाही." मी म्हटलं, "अहो वन्सं, 'चार दिवस सासूचे'पासून त्या आपल्या घरात आहेत. जान्हवीच्या सासरी त्या आईआजी होत्या ना!" वन्सं जरा विचारात पडल्या. "हां, मग ठीक आहे. म्हणजे नात्यातल्याच आहेत." सोयरीक जुळल्याशिवाय आमच्या वन्सं कोणाला पडद्यावरही उंबरा ओलांडू देत नाहीत.

या वन्सं बदलापूरला असतात. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून त्या बदलापुरात आल्या, तेव्हा गाव अजून गावासारखं होतं. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्याही आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांजवळ पोचली. आलेल्यांतले बहुतेक वन्संसारखेच. स्वतःच्या नावाचं दार हवं म्हणून रेल्वेच्या रुळाला धरून पुढे पुढे सरकत आलेले. त्यामुळे वन्संची मालिका निराळी. त्या झी मराठीवरची 'लक्ष्मी निवास' बघतात. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या या मालिकेत हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी यांनी केलेलं लक्ष्मी-श्रीनिवास हे जोडपं पोरांच्या संसारांत पिचून गेलेलं, आणि त्यांचं एकच स्वप्न, स्वतःचं घर. श्रीनिवास घराबद्दल बोलू लागला की वन्संच्या डोळ्यांना धार लागते. धाकट्या मुलीचा नवरा जयंत हा बायकोवर इतकं प्रेम करतो की तिचा श्वास कोंडतो. तो दिसला की वन्सं रिमोट उगारतात. आजवर दोनदा बॅटऱ्या उडून सोफ्याखाली गेल्या आहेत.

एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेले होते. मालिका संपली, श्रीनिवासने कुठल्याशा कागदावरून हात फिरवला होता. वन्संनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ, यांना घर नाही, पण सगळी जवळ आहेत. कोणी रडतंय, कोणी भांडतंय, पण आहेत. मला घर आहे. दोन बेडरूम, गॅलरी, गॅलरीतून डोंगर. आणि रात्री दहापर्यंत घरात मी आणि हा फ्रिज." मग त्यांनी फ्रिज उघडून मला सोलकढी दिली. त्यांचा मुलगा दहाला आला, सून सव्वादहाला. जेवताना दोघांचे डोळे मिटत होते. घराचा हप्ता फेडायला घराबाहेर राहावं लागतं, हा गुंता अजून कुठल्या मालिकेने घेतलेला मी पाहिला नाही. घेतला तर खलनायक कोणाला करतील? बँकेला? लोकलला? त्यात कोणाच्या थोबाडीत मारून प्रश्न सुटण्यासारखा नाही, म्हणून लेखक त्या वाटेला जात नसावेत.

माझी सून ऐरोलीला जाते. तिच्या मोबाइलवर पैसे भरलेलं ॲप आहे. तिथे संध्याकाळचा भाग सकाळीच दिसतो. म्हणजे मी साडेआठला ज्या धक्क्याने उडते, तो धक्का तिने सकाळी ठाण्यापर्यंत पचवलेला असतो. हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ती रात्री नऊच्या पुढे यायची, पानावर बसता बसता विचारायची, "आई, आज काय झालं हो?" आणि मी सांगायचे. प्रियाने काय केलं, सासू कल्पना कशी बोलली, सायली का गप्प बसली. थोडं माझ्या पदरचंही घालायचे. सायलीला जिथे बोलायचं सुचलं नाही तिथे मी तिच्या वतीने दोन वाक्यं बोलून टाकायचे.

एका रविवारी तिच्या मैत्रिणीकडून मला कळलं, की या दोघी एकेक इयरफोन कानात घालून रोज सकाळी गाडीत तो भाग बघतात. मी सुनेला गाठलं. "तू बघतेस, मग मला रोज का विचारतेस?"

ती हसली. "आई, तुमच्या भागात सायली उत्तर देते. आमच्या भागात नुसती रडते."

त्या दिवसापासून मी जास्त जबाबदारीने सांगते. सुधा जोशीला लेडीज डब्यात ज्या गवार मोडणाऱ्या हातांनी कणा दिला, त्या हातांची गादी माझ्याकडे आलीय असं समजायला हरकत नाही. आमच्या घरी साडेआठ वाजतात ते सव्वानऊला, पण वाजतात. वीस मिनिटं आम्ही चौघं त्या अर्जुन-सायलीच्या संसारात नाक खुपसतो. नवरा आधार कार्डाचा मुद्दा काढतो, मुलगा 'हे अजून चालू आहे?' म्हणतो आणि भात परत घेऊन ऐकत बसतो. स्वतःच्या घरातल्या विषयांवर बोलायला बसलो तर इतका वेळ कोणी बसत नाही. तिथे दुसऱ्या मिनिटाला पाण्याचं बिल निघतं.

कधी कधी मी मनातल्या मनात सुभेदारांना बदलापूरला आणून ठेवते. पश्चिमेला, सातव्या मजल्यावर, टू बीएचके. पहिल्याच सोमवारी अर्जुन सकाळच्या गाडीला लटकून कोर्टात जाणार आणि रात्री पावणेदहाला शर्टाचं एक बटण गमावून परतणार. सायलीबद्दल गैरसमज करून घ्यायला त्याला सवड मिळणार ती रविवारी दुपारी, आणि नेमकं तेव्हाच पाणी आलेलं असणार. प्रियाने कट रचायचा तर फोन घेऊन जावं कुठे? हॉलमध्ये सासू, बेडरूममध्ये रेंज नाही, गॅलरीत बोललेलं समोरच्या विंगेला ऐकू जातं, आणि गच्चीवर तीन बायका पापड राखत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी दूधवालाच किल्लेदार वकिलांना सांगून मोकळा होईल, की साहेब, तुमची खरी मुलगी सातव्या मजल्यावरची, रोज एक लिटर घेते ती. पंधरा दिवसांत मालिका संपली! मग भाभी, मामी, वन्सं, सून, एवढ्या जणींशी मी बोलू कशावर?

तेव्हा वाहिनीने सुभेदारांना आहेत तिथेच राहू द्यावं. अर्जुनला लोकलचा पास काढून देऊ नये, सायलीला दुपारभर वेळ असू द्यावा, हवं तर एकेकाच्या तोंडावर कॅमेरा चारदा आदळू द्यावा. आम्ही तक्रार करू, पण बघू. विनंती असलीच तर एकच आहे. त्या प्रियाला दारामागे कोणीतरी एखादी खुर्ची द्या हो. बाई दुष्ट आहे, कबूल. पण एवढी वर्षं रोज अर्धा-अर्धा तास उभी आहे, आणि आम्हा लेडीज डब्यातल्या बायकांना उभ्या बाईकडे बघून चौथ्या सीटसाठी सरकून घ्यायची सवय आहे.